मॅट बार्कलीचं चौथं वर्ष

22 डिसेंबर 2011 रोजी लॉस एंजेलिसमध्ये यूएससीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) मॅट बार्कली पत्रकारांसमोर आला. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, उतरणार नाही, कॉलेजचं चौथं वर्ष पूर्ण करणार, असं त्यानं जाहीर केलं. तेव्हा तो 21 वर्षांचा होता आणि बहुतेक जाणकार त्याला पहिल्या फेरीत, काही जण तर पहिल्या दहांत धरत होते. सोळा महिन्यांनी, 27 एप्रिल 2013 रोजी, फिलाडेल्फिया ईगल्सनं त्याला चौथ्या फेरीत 98 व्या क्रमांकावर घेतलं.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये असे निर्णय दर हिवाळ्यात शेकड्यानं होतात. बार्कलीचं प्रकरण अभ्यासायला घेण्याचं कारण वेगळं आहे. त्याला सल्ला देणारे होते, घाई नव्हती, घरात पैशाची चणचण नव्हती, गंभीर दुखापत नव्हती. शांत डोक्यानं घेतलेला निर्णय होता. तरीही हिशेबात काही गोष्टी सुटल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच त्याच दिवशी दिसण्यासारख्या होत्या.

नियम आणि पैसा

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकानं एक फरक आधी लक्षात घ्यावा. लिलावात खेळाडूची किंमत बोली लावून ठरते. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. 32 संघ ठरलेल्या क्रमानं, सात फेऱ्यांत, एकेक खेळाडू निवडतात आणि कोणत्या संघाकडे जायचं हे खेळाडूच्या हातात नसतं. आदल्या हंगामात सर्वांत खराब खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते. ड्राफ्टला पात्र व्हायला हायस्कूल सोडून तीन वर्षं व्हावी लागतात. ही अट मोडून काढण्यासाठी ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट 2004 मध्ये न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण अपील न्यायालयानं निकाल फिरवला. तेव्हापासून अट कायम आहे.

म्हणजे खरा प्रश्न ज्युनिअर, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या, वर्षानंतर उभा राहतो. शेवटचा सामना नोव्हेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला होतो, आणि ड्राफ्टसाठी नाव देण्याची मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते. बार्कलीसाठी ती 15 जानेवारी 2012 होती. मधल्या दिवसांत खेळाडूला एनएफएलच्या सल्लागार समितीकडून लेखी अंदाज मागवता येतो. संघांचे निवड अधिकारी हा अंदाज देतात आणि तो बंधनकारक नसतो. त्या काळी उत्तर ‘पहिल्या फेरीपर्यंत’, ‘दुसऱ्या फेरीपर्यंत’, ‘तिसऱ्या फेरीपर्यंत’ अशा टप्प्यांत यायचं. आता तीनच उत्तरं उरली आहेत: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजात थांबा. यात मोठी खोच आहे. ‘पहिली फेरी’ हे उत्तर क्रमांक 1 ला लागू पडतं तसंच 32 लाही. 2012 मध्ये या दोन टोकांच्या करारांत दीड कोटी डॉलरचं अंतर होतं. समितीचं पत्र हातात आलं म्हणून किंमत कळली असं होत नाही.

त्या काळातला दुसरा नियम एजंटचा. एजंटशी लेखी किंवा तोंडी करार केला की कॉलेजातून खेळण्याची पात्रता गेली. त्यामुळे ज्या माणसाला बाजारभाव नेमका माहीत असतो, त्याच्याशी करार करून सल्ला घेता येत नव्हता. सल्ला उरायचा वडिलांचा, प्रशिक्षकांचा आणि ओळखीच्या माजी खेळाडूंचा. प्रशिक्षक प्रामाणिक असले तरी त्यांना पुढच्या वर्षीचा संघ उभा करायचा असतो. हे हितसंबंध उघडपणे मोजलेले बरे.

पैशाचा हिशेब 2011 च्या उन्हाळ्यात मुळापासून बदलला होता. त्याआधी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू वाटाघाटी करून प्रचंड करार मिळवायचा. 2010 मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले 5 कोटी हमीचे. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातल्या नव्या करारानं नवोदितांच्या पगाराला क्रमांकानुसार कप्पे पाडले. 2011 चा पहिला क्रमांक कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे 2 कोटी 20 लाख मिळाले. 2012 चा पहिला क्रमांक अँड्र्यू लकला 2 कोटी 21 लाख. आठव्या क्रमांकावर मायामीनं घेतलेल्या रायन टॅनेहिलला 1 कोटी 26 लाख 68 हजार, पूर्ण हमीचे.

आणि 98 वा क्रमांक? तिथे जवळपास किमान वेतनच असतं. 2013 पासूनच्या चार वर्षांचं किमान वेतन 4,05,000, 4,95,000, 5,85,000 आणि 6,75,000 डॉलर, म्हणजे बेरीज 21 लाख 60 हजार. त्यावर सहीचा बोनस साधारण पाच लाख. एकूण 27 लाखांच्या आसपास, आणि खात्रीचा फक्त बोनस. संघानं काढून टाकलं की बाकीची रक्कम संपली.

नव्या करारात आणखी एक कलम होतं. नवोदिताचा करार तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत पुन्हा वाटाघाटीला घेता येत नाही. म्हणून क्वार्टरबॅकसाठी खरा पैसा दुसऱ्या करारात असतो. कॉलेजात एक वर्ष थांबणं म्हणजे तो दुसरा करार एक वर्ष पुढे ढकलणं. हा खर्च कोणत्याही पत्रकार परिषदेत बोलला जात नाही, कारण तो पाच वर्षांनी भरायचा असतो.

त्या डिसेंबरात त्याच्या हातात काय होतं

2011 च्या हंगामात बार्कलीनं 446 पैकी 308 पास पूर्ण केले, 69.1 टक्के. 3,528 यार्ड, 39 टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), आणि फक्त 7 इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेले पास). संघ 10-2 राहिला, म्हणजे 10 विजय, 2 पराभव. नोव्हेंबरात ओरेगनला त्यांच्या मैदानावर 38-35 हरवलं आणि शेवटच्या सामन्यात यूसीएलएला 50-0. त्या एका सामन्यात बार्कलीचे सहा टचडाउन पास होते.

हा हंगाम तिथेच थांबला, आणि निर्णयामागची भावना समजायची तर हे कारण पाहायला हवं. माजी खेळाडू रेजी बुशला मिळालेल्या नियमबाह्य लाभांच्या प्रकरणात कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं जून 2010 मध्ये यूएससीला दोन वर्षं बोल सामन्यांतून, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांतून, बाद केलं होतं आणि तीन वर्षांत मिळून 30 शिष्यवृत्त्या कापल्या होत्या. ज्या काळात नियम मोडले गेले तेव्हा बार्कली शाळकरी मुलगा होता. तरीही शिक्षा त्याच्या पिढीनं भोगली. 2012 मध्ये बोलबंदी उठणार होती. ज्या संघासाठी तीन वर्षं दिली, त्याच्याबरोबर एकदा तरी मोठ्या सामन्यात उतरावं, ही इच्छा पूर्णपणे समजण्यासारखी आहे. तिला डॉलरमध्ये मोजून खोडणं आम्हाला मान्य नाही. मात्र ती इच्छा एका रकान्यात आणि ड्राफ्टचा हिशेब दुसऱ्या रकान्यात ठेवायला हवा होता. ‘थांबल्यानं ड्राफ्टमध्येही वर जाईन’ असं म्हटलं की दोन्ही रकाने मिसळतात.

यूएससीच्या स्वतःच्या इतिहासात दोन्ही बाजूंची उदाहरणं होती. क्वार्टरबॅक मॅट लाइनर्ट 2004 मध्ये हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) आणि राष्ट्रीय विजेतेपद जिंकून थांबला. 2005 च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकाचा दावेदार मानला जात होता. वर्षभरानं संघ अंतिम सामना टेक्ससकडून 41-38 असा हरला आणि लाइनर्ट दहाव्या क्रमांकावर ॲरिझोनाकडे गेला. मार्क सँचेझनं उलट केलं. कॉलेजात फक्त 16 सामन्यांत सुरुवातीपासून खेळून तो जानेवारी 2009 मध्ये बाहेर पडला. प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी त्याच पत्रकार परिषदेत उघड नाराजी दाखवली. तीन महिन्यांनी न्यूयॉर्क जेट्सनं त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं, हमीचे 2 कोटी 80 लाख डॉलर. सँचेझ गेल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणूनच बार्कली फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला, असताना पहिल्या सामन्यापासून खेळला. ‘लवकर जाऊ नकोस’ हा सल्ला किती चुकू शकतो, याचा पुरावा त्याच्याच जागेच्या आधीच्या मालकानं ठेवला होता.

वर चढायला जागा किती, घसरायला किती

आता साधं गणित मांडू. समजा 2012 मध्ये बार्कली आठवा गेला असता. हे गृहीतक आहे. टॅनेहिलच्या जागी कोण असतं हे कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही. लक आणि रॉबर्ट ग्रिफिन हे क्वार्टरबॅक त्याच्या पुढे असणार होते, हे मात्र डिसेंबरातही जवळपास स्पष्ट होतं.

आठव्या क्रमांकाची किंमत साधारण 1 कोटी 27 लाख. थांबून 2013 मध्ये तो थेट पहिला गेला असता तर साधारण 2 कोटी 22 लाख. त्या वर्षीचा पहिला क्रमांक एरिक फिशरला तेवढेच मिळाले. म्हणजे सर्वोत्तम शक्यतेत फायदा 95 लाखांचा. सर्वांत वाईट म्हणता येईल अशा, म्हणजे प्रत्यक्षात घडलेल्या शक्यतेत तोटा एक कोटीचा. दोनच शक्यता धरल्या तर पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तेव्हाच थांबणं पैशाच्या दृष्टीनं बरोबरीत येतं. वाया गेलेलं वर्ष त्यात धरलेलंच नाही.

मग पुढचा प्रश्न असा की चौथ्या वर्षानं त्याच्या गुणपत्रिकेतली कोणती ओळ बदलणार होती? संघांच्या शंका ठरावीक होत्या. उंची सव्वासहा फुटांच्या आतच, हाताची ताकद मध्यम, पळण्याचा वेग कमी. यातलं एकही एका वर्षात बदलत नाही. जे बदलता येतं ते, म्हणजे बचाव वाचणं, अचूकता, अनुभव, त्यानं आधीच दाखवलं होतं. तीन हंगाम पहिल्या सामन्यापासून खेळलेल्या क्वार्टरबॅकबद्दल चौथ्या हंगामात नवं समजतं ते बहुधा वाईटच असतं. आमच्या मते या निर्णयातली मूळ चूक इथे आहे. दुखापत होईल की नाही हे नशिबावर असतं. गुणपत्रिकेत सुधारायला काय उरलं आहे, हे मात्र कागदावर लिहून पाहता येतं.

थांबण्याच्या बाजूचा एक खरा मुद्दा होता. 2013 च्या ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅकांची पिढी कमकुवत दिसत होती. लक आणि ग्रिफिनच्या मागे तिसरा उभा राहण्यापेक्षा पुढच्या वर्षी पहिला उभा राहावं, हा तर्क चुकीचा नाही. त्यात पुरवठा मोजला होता, मागणी मोजली नव्हती. 2012 च्या पहिल्याच आठवड्यात पाच नवोदित क्वार्टरबॅक मैदानात उतरले: इंडियानापोलिसचा लक, वॉशिंग्टनचा ग्रिफिन, मायामीचा टॅनेहिल, क्लीव्हलँडचा ब्रँडन वीडन आणि सिॲटलचा रसेल विल्सन. पाच संघांनी आपली गरज भागवून घेतली. शिवाय ग्रिफिन, विल्सन आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कॉलिन कॅपर्निक यांच्या यशानं पळू शकणाऱ्या क्वार्टरबॅककडे संघांचा ओढा वाढला. बार्कली पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या रक्षकांच्या आड, उभा राहून फेकणारा. 2013 मध्ये पहिल्या फेरीत एकच क्वार्टरबॅक गेला, 16 व्या क्रमांकावर बफलोकडे ईजे मॅन्युएल, आणि तो पळणारा होता. कमकुवत पिढीत अव्वल ठरल्यानं आपोआप वरचा क्रमांक मिळत नाही. संघ क्वार्टरबॅक न घेताही पुढे जाऊ शकतात.

डावी बाजू

उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा बचावपटू त्याला दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकल हा त्याचा विमा. 2011 मध्ये बार्कलीकडे मॅट कॅलिल होता. त्या हंगामात क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या यूएससीच्या संपूर्ण ओळीनं अवघे 8 सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) होऊ दिले. कॅलिलही ज्युनिअर होता. त्याच हिवाळ्यात तो ड्राफ्टला गेला आणि मिनेसोटानं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, जवळपास 2 कोटी डॉलरवर.

दोघांनी एकाच वर्षी विरुद्ध निर्णय घेतले. कॅलिलच्या निर्णयानं बार्कलीच्या निर्णयाची किंमत बदलली, आणि 15 जानेवारीची मुदत दोघांना सारखीच होती. लेफ्ट टॅकल काय करणार हे पक्कं कळेपर्यंत क्वार्टरबॅकनं तोंड उघडू नये, आणि तो जाणार असेल तर त्याच्या जागी कोण, त्या मुलानं आजवर किती स्नॅप (खेळी) खेळले, हे विचारावं. इथे उत्तर सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) ऑन्ड्रे वॉकर आणि हंगामाच्या उत्तरार्धात फ्रेशमन मॅक्स टर्क असं निघालं.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांची. बोलबंदी उठणार होती हे सगळ्यांनी मोजलं. पण कपात 2012 पासून खऱ्या अर्थानं चावणार होती. तेव्हा इतर संघांना 85 शिष्यवृत्तीधारक ठेवता येत होते, यूएससीला 75. दर वर्षी 25 ऐवजी 15 नवे घेता येणार होते. सुरुवातीला खेळणाऱ्या बावीस जणांवर याचा परिणाम दिसत नाही. म्हणून तर हंगामाआधीच्या एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत यूएससी पहिला होता. परिणाम दिसतो एक खेळाडू जायबंदी झाला की, कारण त्याच्या जागी तयार माणूस नसतो.

15 सप्टेंबर 2012 रोजी स्टॅनफर्डविरुद्ध नेमकं तेच झालं. सेंटर खालेद होम्स जायबंदी असल्यानं बाहेर होता. सेंटर फक्त चेंडू मागे देत नाही. समोरचा बचाव ओळखून कोणी कुणाला अडवायचं हे तोच ओळीला सांगतो. त्या दिवशी बार्कली चारदा सॅक झाला, मागच्या सबंध हंगामाच्या निम्मे. 41 पैकी 20 पास पूर्ण, दोन इंटरसेप्शन, एकही टचडाउन नाही. सामना 21-14 असा गेला आणि राष्ट्रीय विजेतेपदाचं स्वप्नही.

पुढे ॲरिझोनाविरुद्ध 39-36 असा पराभव झाला. यूएससीचा रिसिव्हर (पास झेलणारा) मार्कीस लीनं त्या सामन्यात 345 यार्ड घेतले होते, तरीही. 3 नोव्हेंबरला ओरेगनविरुद्ध बार्कलीनं 484 यार्ड आणि पाच टचडाउन फेकले, आणि संघ 62-51 हरला, कारण बचावानं 730 यार्ड दिले. इथे बार्कलीला दोष देता येत नाही. पण पराभवाच्या मागे धावणारा क्वार्टरबॅक जास्त धोका घेतो, घट्ट जागेत चेंडू घुसवतो, आणि ते आकड्यांत उतरतं. वर्षअखेर 387 पासांत 15 इंटरसेप्शन, म्हणजे 26 पासांमागे एक. आदल्या वर्षी 64 पासांमागे एक होतं. पूर्ण पासांचं प्रमाण 69 वरून 63 च्या घरात आलं. हाताच्या ताकदीबद्दल आधीच शंका घेणाऱ्या संघांना आता पुरावा सापडला.

खांदा

17 नोव्हेंबरला रोझ बोलच्या मैदानावर यूसीएलएविरुद्ध, सामना संपत आलेला असताना, अँथनी बारनं मागून येऊन त्याला खाली पाडलं. फेकायच्या उजव्या खांद्याच्या टोकाचा सांधा निखळला. यूएससी 38-28 हरला. बार्कली पुढचा नोट्र डेमविरुद्धचा सामना मुकला आणि ज्यासाठी थांबला होता तो बोल सामनाही. संघाच्या वाट्याला रोझ बोल हा मानाचा सामना आला नाही, एल पासोचा सन बोल आला. तिथे जॉर्जिया टेककडून 21-7 हार, शेवट 7-6.

ही दुखापत करिअर संपवणारी नव्हती. तिची वेळ वाईट होती. ब्रॅडफर्डचं उदाहरण शेजारी ठेवलं की फरक कळतो. तोही 2008 ची हाइझमन जिंकून थांबला होता. सप्टेंबर 2009 मध्ये पहिल्याच सामन्यात त्याच्या उजव्या खांद्याचा तोच सांधा दुखावला, ऑक्टोबरात पुन्हा, मग शस्त्रक्रिया. मार्चअखेर विद्यापीठाच्या चाचणीत तो पूर्ण ताकदीनं फेकू शकला आणि एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ऑक्टोबर ते मार्च हे महिने त्याला मिळाले. बार्कलीचा खांदा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गेला. फेब्रुवारीत इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे एनएफएलच्या सामाईक चाचणीत, त्याला फेकता आलं नाही. मार्चच्या शेवटी यूएससीच्या प्रो डेला, म्हणजे विद्यापीठातल्या चाचणीत, त्यानं फेकलं, पण तोवर संघांनी आपल्या याद्या बऱ्याच पक्क्या केलेल्या असतात. हाताची ताकद हाच मुख्य प्रश्न असलेल्या खेळाडूला ती दाखवण्याची एकच संधी मिळाली, तीही दुखापतीतून उठताना. ब्रॅडफर्डची उंची आणि फेक यांबद्दल कुणाला शंका नव्हती. म्हणून दोघांचा सांधा एकच असला तरी 98 व्या क्रमांकाचं खापर एकट्या दुखापतीवर फोडता येत नाही.

बार्कली नंतर बरीच वर्षं एनएफएलमध्ये टिकला, बहुतेक राखीव क्वार्टरबॅक म्हणून, संघ बदलत. 2016 मध्ये शिकागोसाठी सहा सामने सुरुवातीपासून खेळला. अनेक पहिल्या फेरीवाल्यांपेक्षा हे आयुष्य लांब आहे. पण वरच्या क्रमांकावर घेतलेल्या क्वार्टरबॅकला संघ चुका करायला जी दोन-तीन वर्षं देतो, ती चौथ्या फेरीवाल्याला मिळत नाहीत. क्रमांकाबरोबर पैसा जातो तसा हा अवधीही जातो.

लकचं काय?

थांबण्याचं समर्थन करताना अँड्र्यू लकचं नाव नेहमी येतं. जानेवारी 2011 मध्ये तोही स्टॅनफर्डला थांबला, वास्तुरचनेची पदवी घेतली आणि वर्षभरानं पहिलाच गेला. त्याची उंची, ताकद, वेग यांत संघांना खोट सापडत नव्हती. एखादा वाईट हंगाम गेला असता तरी तो फार खाली घसरला नसता. वेतनाचे कप्पे लागू झाल्यामुळे 2011 आणि 2012 च्या पहिल्या क्रमांकांत फरकही नगण्य होता. त्याच्या निर्णयाची किंमत एक वर्ष, एवढीच. ज्याच्या गुणांबद्दल शंका नाही तो थांबू शकतो. ज्याची किंमत कामगिरीच्या आकड्यांवर उभी आहे त्यानं आकडे सर्वांत चांगले असताना जावं. बार्कली दुसऱ्या प्रकारचा होता आणि त्याला पहिल्या प्रकारचा सल्ला मिळाला, असं आमचं मत आहे.

आज हाच निर्णय

जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात. 2025-26 पासून विद्यापीठंही थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. 2021 च्या बदलाचा परिणाम लगेच दिसला. लवकर ड्राफ्टला येणारे खेळाडू 2021 मध्ये सव्वाशेच्या घरात होते, 2024 मध्ये साठाच्या आत आले.

हा बदल सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. 2025 मध्ये आठव्या क्रमांकाच्या कराराची किंमत पावणेतीन कोटी डॉलरहून जास्त होती. पहिल्या दहांतल्या क्वार्टरबॅकसाठी कॉलेजातले काही लाख डॉलर त्या जोखमीची भरपाई करत नाहीत. तिसऱ्या फेरीच्या खाली अंदाज असलेल्यासाठी मात्र पारडं उलटलं आहे. टेक्ससचा क्विन यूअर्स 2025 मध्ये बाहेर पडला आणि सातव्या फेरीत 231 वा गेला. चार वर्षांचे मिळून साधारण 43 लाख डॉलर. कॉलेजात, दुसऱ्या विद्यापीठात जाऊन, एका वर्षात त्याहून जास्त मिळू शकलं असतं, अशा बातम्या तेव्हा होत्या.

कॅम वॉर्डनं याच्या उलट केलं, आणि आम्हाला तो नमुना सर्वांत उपयोगी वाटतो. वॉशिंग्टन स्टेटमधून खेळल्यावर जानेवारी 2024 च्या सुरुवातीला त्यानं ड्राफ्टसाठी नाव जाहीर केलं होतं. अंदाज मधल्या फेऱ्यांचा होता. मुदत संपायच्या आत त्यानं निर्णय फिरवला आणि तो मायामी विद्यापीठात गेला. हरणाऱ्या संघातून चांगली ओळ आणि चांगले रिसिव्हर असलेल्या संघात. 39 टचडाउन, 7 इंटरसेप्शन, आणि एप्रिल 2025 मध्ये टेनेसीकडे पहिला क्रमांक. त्याच्याकडे वर चढायला जागा होती, आणि ती जागा ज्यामुळे भरेल ती गोष्ट त्यानं संघ बदलून मिळवली. 2011 मध्ये बार्कलीपाशी यातलं काहीच नव्हतं. वर फक्त सात पायऱ्या होत्या आणि संघ आदल्या वर्षीपेक्षा पातळ होणार होता.

विमा घ्यायचा तर

थांबणारा खेळाडू आता अनेकदा विमा घेतो आणि इथेच बऱ्याच कुटुंबांची फसगत होते. दोन वेगळ्या पॉलिसी असतात. कायमच्या अपंगत्वाची पॉलिसी खेळाडू पुन्हा कधीच खेळू शकला नाही तरच पैसे देते. बार्कलीच्या खांद्यासारख्या दुखापतीवर ती एक डॉलरही देणार नाही, कारण तो खेळायला परतला. दुसरी पॉलिसी किंमत घसरण्याची. तिच्यात एक उंबरठा ठरतो आणि दुखापतीमुळे करार त्याच्या खाली गेला तर फरक मिळतो. ‘दुखापतीमुळे’ हे सिद्ध करण्याचं ओझं खेळाडूवर येतं. आकडे घसरले, संघ हरला, फॅशन बदलली, यांपैकी कशालाही संरक्षण नाही. म्हणजे बार्कलीच्या घसरणीतला मोठा भाग या पॉलिसीच्याही बाहेर राहिला असता.

मार्कीस लीनं पुढच्या वर्षी हीच पॉलिसी घेतली, 50 लाख डॉलरची. हप्ता सुमारे 95 हजार. 2013 मध्ये गुडघा आणि खांदा दुखावला, 2014 मध्ये तो दुसऱ्या फेरीत 39 वा गेला. करार उंबरठ्याच्या बराच खाली होता. विमाकर्त्यांनी दावा नाकारला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. वाद आधीच्या वैद्यकीय नोंदी पुरेशा उघड केल्या होत्या का, यावर होता. नोट्र डेमच्या जेलन स्मिथला, 2016 च्या फिएस्टा बोलमध्ये गुडघा पूर्ण फाटून 34 व्या क्रमांकावर घसरल्यावर, विम्याचे 9 लाख मिळाले. पहिल्या दहांतल्या कराराच्या तुलनेत ही रक्कम फार थोडी आहे.

म्हणून थांबायचंच ठरलं तर हंगामाच्या आधी खांदे, गुडघे आणि घोटे यांचे एमआरआय काढून घ्यावेत आणि अहवालांची प्रत स्वतःकडे ठेवावी. अर्जात शाळेच्या काळातल्या मुरगळीपासून सगळं लिहावं. उंबरठ्याची रक्कम कोणत्या ड्राफ्ट क्रमांकाशी जुळते ते विमा विकणाऱ्याकडून लेखी मागावं, आणि हप्ता कोण भरणार, विद्यापीठ की खेळाडूच्या भावी पगारातून, हे सही करण्याआधी ठरवावं. पॉलिसी पहिल्या सरावाआधी सुरू झालेली असावी. ऑगस्टच्या शिबिरात झालेली दुखापत सप्टेंबरात सुरू होणाऱ्या पॉलिसीत बसत नाही.